आगटी पेटवा, आलोच

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं, आपली पोरगी तोंडानं फटकळ आहे पण मनानं चांगली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून "अगं, होतं असं कधी कधी" असं म्हणू शकत नाही. जवळच्या माणसांची तीच तर भीती असते — ती माफ करून मोकळी होतात.

तसं बघितलं तर ही एका सहलीची गोष्ट. मुंबईतल्या ऑफिसातली माणसं दोन दिवस गावाकडं कुठंतरी जाऊन येऊ म्हणतात. अशा सहली दर हिवाळ्यात किती निघत असतील! त्यात सांगण्यासारखं काय? — बघा, मी पुन्हा लांबून सुरुवात करतेय. सवयच लागली आहे.

मी मूळची राहुरीची. वडील तिथल्या शेतीच्या विद्यापीठात कामाला होते, आमच्या क्वार्टरच्या कुंपणापलीकडं ज्वारीच ज्वारी. पण अंधेरीच्या ऑफिसात मी पुण्याची होते. पहिल्याच दिवशी कुणीतरी "पुण्याची का?" विचारलं, मी मान हलवली, आणि ते तसंच राहिलं. यात फार मोठं पाप नाही हे मलाही कळतं. मला सांगायचंय ते हे नाही.

सारिका आमच्याकडं लागली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ती कर्जतची, म्हणजे आपल्या नगरच्या कर्जतची. गावापासून आत वस्तीवर घर, आईवडील, थोडी कोरडवाहू जमीन, शेरडं. काम नीट करायची. केसाला तेल, डब्यात भाकरी, आणि सगळ्या ऑफिसवर एक भाबडी माया. कुणी शिंकलं तरी ही पर्समधून आलेपाकाची वडी काढणार. मला ती माया सहन व्हायची नाही. का नाही व्हायची? कुणी आपल्याला काही केलेलं नसताना त्याचा राग येतो, तसं तुमचं कधी झालंय का?

एकदा पॅन्ट्रीत आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून "लई झालं गं आता" निघून गेलं. मागं सारिका उभी. तिचं तोंड असं काही उजळलं म्हणून सांगू — गर्दीत घरचं माणूस दिसावं तसं.

"ताई, तुमी नगरकडच्या हाय का?"

शेजारी प्राची कॉफी ढवळत होती. माझी ऑफिसातली खास मैत्रीण. मी म्हणाले, "छे गं. आमच्या मोलकरणीचं ऐकून ऐकून तोंडात बसलंय."

प्राची हसली. सारिका "सॉरी ताई" म्हणाली आणि आपला डबा धुवायला लागली.

तेव्हापासून मी स्वतःला हेच कारण देत आले, की ही मला उघडं पाडेल याची धास्ती होती. ते खोटं आहे. धास्ती असती तर मी तिच्यापासून लांब राहिले असते. मी लांब राहिले नाही. मला ती हाताशी हवी होती.

तर सहल. जानेवारीत एक जोडून सुट्टी आली आणि जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, कर्जतला जाऊ. मुंबईच्या माणसाला कर्जत म्हणजे रायगडमधलं, घाटाच्या पायथ्याचं. तिथं फार्महाऊस असतात, पोहायचे तलाव असतात, दोन तासांत पोचता येतं. दुसरंही एक कर्जत आहे हे मुंबईत कुणाच्या गावीही नसतं. पण पलीकडच्या टेबलावर सारिकानं घास हातात धरून मान वर केली.

"कर्जतला? आमच्या कर्जतला?"

एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. सगळे हसले असते, तीही हसली असती. पण मी चटकन बोलले — "हो, तुझ्याच. तूच ने आता आम्हाला." आणि टेबलाखाली प्राचीचा पाय दाबला.

ऑफिसातल्या सहली मीच ठरवायची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मी मोबाईलवर दोन ग्रुप केले. एकात सगळे होते. फार्महाऊस, गाड्या, कोण काय आणणार. दुसऱ्यात मी, प्राची, अजून दोघं, आणि सारिका. खरं सांगते, खऱ्या सहलीपेक्षा त्या खोट्या सहलीची आखणी मी जास्त मन लावून केली. पहाटे कितीला निघायचं, चहाला कुठं थांबायचं, भिगवणवरून वळायचं की श्रीगोंद्यावरून यायचं — सगळं विचारायची. सारिका बिचारी रात्री उशिरापर्यंत उत्तरं द्यायची.

मी लिहिलं, "हुरडा मिळेल का?"

इथं थोडं थांबते. कारण हे ज्याला माहीत नाही त्याला मी काय केलं ते नीट कळायचं नाही. प्राचीला आणि त्या दोघांना हुरडा म्हणजे भाजलेलं काहीतरी. मला माहीत होतं. ज्वारीचं कणीस दुधात असतं ते थोडेच दिवस. आधी काढलं तर पाणी, नंतर काढलं तर दाणा. त्या मोजक्या दिवसांसाठी माणूस शेताचा एक तुकडा वेगळा राखतो, पाखरं हाकतो, कुणाला हात लावू देत नाही. पाहुणा आला की खड्ड्यात गोवऱ्या रचून आगटी पेटवायची, तो येऊन बसला की कणसं विस्तवात घालायची, आणि गरम आहेत तोवर तळहातावर मळून दाणे त्याच्या ओंजळीत द्यायचे. हुरडा ठेवून खाता येत नाही. ज्याच्यासाठी भाजला तो समोर नसेल तर तो वाया. माझ्या वडिलांनी मला असाच भरवलाय. म्हणजे मी काय मागतेय हे त्या चौघांत एकट्या मला ठाऊक होतं.

सारिकानं लिहिलं, "नानांनी सुरती ज्वारीचा एक तुकडा राखलाय ताई. भावकीतले मागायला आल्ते, न्हाई म्हणले त्यांना. मुंबईची माणसं येणार म्हणून." नाना म्हणजे तिचे वडील. मग लिहिलं, "आई विचारतीय, लसणाची चटणी चालंल का सगळ्यांना?" मी लिहिलं, "चालेल. तिखट कर म्हणावं." मग हुलग्याचे शेंगोळे मागितले. मग मटण. मग म्हणाले, प्राचीला उपवास आहे, तिच्यासाठी वेगळं काहीतरी. प्राचीनं जन्मात उपवास केला नव्हता.

दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही ते सगळं मोठ्यानं वाचायचो. सारिकाचा आवाज मी काढायची. "नाना म्हनले, आई इचारतीय." सगळे खुर्च्यांवर लोळायचे. मला फार चांगलं जमायचं ते. न जमायला काय झालं? माझीच भाषा होती ती.

सारिका एक दिवस आधीच एसटीनं गावी गेली, तयारीला. जाताना माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, एका गाडीत बसाल ना सगळे? न्हाईतर नाना रस्त्याला कुणाचा तरी टेम्पो सांगून ठेवतो म्हणालेत."

मी म्हणाले, "बसू गं. पांढरी गाडी आहे आमची, मोठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुसऱ्या कर्जतला तलावाच्या काठावर बसलो होतो. पाय पाण्यात. कुणीतरी कोळंबी तळायला सांगितली होती. माझा फोन वाजला. मी बोट ओठावर ठेवलं आणि स्पीकर लावला.

"ताई, कुठवर आलात?"

"भिगवण सोडलं बघ आत्ताच."

मागून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बाई कुणाला तरी हाका मारत होती, शेळी ओरडत होती. बऱ्याच माणसांचा गलबला होता. सारिका आवाज चढवून म्हणाली, "मग आगटी पेटवू का? नाना विचारतायत."

"पेटवा, पेटवा. आलोच."

फोन ठेवल्यावर आमच्याकडं काय हशा झाला!

मग नानांचा स्वतःचा फोन आला. मोठ्यानं बोलणारा, जरा लाजरा माणूस. "नमस्कार ताई. वस्ती सापडायची न्हाई तुमाला. मी गाडी घिऊन राशीनच्या चौकात येऊन थांबतो. माझ्या मागंमागं या." गाडी म्हणजे मोटारसायकल. मी म्हणाले, "या काका, बरं होईल." प्राचीनं टॉवेल तोंडात कोंबला होता.

ते राशीनला गेले. पुन्हा फोन. "म्या हितं उभा हाय. पांढरी गाडी म्हनाला हुता न्हवं? दोन गेल्या, पर त्या तुमच्या न्हवत्या."

आता मी थांबायला हवं होतं ना? प्राचीसुद्धा म्हणाली, "बास आता, सांगून टाक त्यांना." ती थकली होती त्या खेळाला. कुणीच आता फारसं हसत नव्हतं. मी एकटीच — मी तिला हातानं गप्प केलं आणि म्हणाले, "अहो काका, आमचा रस्ता चुकला. आम्ही मिरजगावला आलोय."

"आँ? मिरजगाव? ते तर पार उलट्या अंगाला..." मग गाडीला किक मारल्याचा आवाज. "तितंच थांबा. घाबरू नका, हालू नका कुटं. मी आलोच."

तालुक्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मी पाठवलं. नकाशा बघायची मला गरज नव्हती, लहानपणी मामाच्या गावाला आम्ही त्याच वाटेनं जायचो. किती खड्डे आहेत तेही मला माहीत होतं.

मग आम्ही जेवलो. जेवणानंतर सगळे पाण्यात उतरलो, कुणीतरी फोटो काढला, आणि मी तो सारिकाला पाठवला. खाली लिहिलं, "कर्जतला पोचलो! तू कुठे आहेस?"

तिनं तो लगेच बघितला. उत्तर आलं नाही. मी फोन बंद करून खोलीत जाऊन पडले. मला झोप लागली — हेही सांगायला हवं — चांगली गाढ लागली.

सोमवारी साहेबांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, काय प्रकार? मी हसत म्हणाले, "सर, कर्जत दोन आहेत हे हिला माहीतच नव्हतं." साहेबांनी सारिकाकडं बघितलं. आता ती बोलेल, भिगवण, राशीन, मिरजगाव सगळं काढेल, असं मला वाटलं. माझं उत्तर तयार होतं. मी म्हणणार होते, ही खोटं बोलतेय.

सारिका म्हणाली, "व्हय सर. माझाच घोळ झाला."

साहेब हसले. सगळे हसले. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणाली नाही. मॅडम म्हणायला लागली. काम तसंच नीट. आलेपाकाच्या वड्या बंद झाल्या.

काही आठवड्यांनी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मला ते मॅडम सोसत नव्हतं. पश्चात्ताप म्हणून नव्हे. खेळातला भिडू उठून गेल्यासारखं वाटत होतं. मी म्हणाले, "काय गं, अजून रागावलीस? गंमत होती ती."

ती आकड्यांकडं बघत म्हणाली, "तुमी पेटवा म्हणालात तवा नाना विस्तव हातात घिऊन उभे हुते." दार उघडलं. ती गेली. पुढं उन्हाळ्यात तिनं नोकरीच सोडली.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी मी राहुरीहून करमाळ्याला निघाले होते. भाड्याची गाडी, ड्रायव्हर आणि मी. मिरजगाव आलं आणि मी ड्रायव्हरला म्हणाले, कर्जतकडं घ्या. माफी मागायला गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला बघायचं होतं फक्त. काय बघायचं होतं? ती माणसं कशी दिसतात ते, बहुधा. पाण्याची टाकी, मग ओढा, मग डावीकडं लिंबाखाली घर — सारिकानं लिहिलेला तो पत्ता कॅन्टीनमध्ये इतक्यांदा वाचून दाखवला होता की पाठच झाला होता.

ओट्यावर एक म्हातारी तुरी पाखडत बसली होती. मी म्हणाले, "सारिकाच्या ऑफिसात होते मी. मुंबईला."

तिनं सूप खाली ठेवलं. मला नीट निरखलं. "मुंबईच्या? त्या ताई का तुमी? ज्यांची गाडी पलटी झाल्ती?"

मला काहीच कळलं नाही. ती उठून जवळ आली, माझा हात धरून मला ओट्यावर बसवलं, आणि खाली वाकून माझ्या पायांकडं बघायला लागली.

"कंचा मोडला हुता? आता बरा हाय का?"

मग तीच बोलत राहिली आणि मला हळूहळू उलगडलं. त्या दिवशी दारात सगळी भावकी जमली होती, आगटी विझत आली होती, लोक कुजबुजायला लागले होते. नाना मिरजगावहून एकटेच परत आले. तेव्हा सारिकानं सगळ्यांना सांगितलं, फोन आला, त्यांची गाडी पलटी झाली, ताईंचा पाय मोडला.

"ह्ये तसंच माघारी फिरले बगा. पानीसुदिक पेले न्हाईत. भिगवणला गेले, दवाखान्यात बगाया. दोन दवाखाने पालथे घातले. पोरगी म्हनत हुती, पुन्याला न्हेलंय, नका जाऊ. पर ऐकतंय कोन? मानसं आपल्याकडं येताना पडली म्हनले." ती पदरानं तोंड पुसत होती. "म्या राशीनच्या देवीला बोलले हुते. पाय बरा हुदे, अनवानी यीन म्हनून. सारी म्हनली बरा झाला, तवा जाऊन आले."

तोंड उघडायची ती वेळ होती. म्हातारी समोर बसलेली, आसपास कुणी नाही. मी तोंड उघडलं. आणि डावा पाय जरा पुढं करून म्हणाले, "हा. आता बरा आहे."

तिनं साडीवरूनच माझी नडगी चाचपली. "बेस जुळलंय हाड," म्हणाली.

चहा ठेवता ठेवता तिला आठवलं. "थांबा, सारीला फोन लावते. नाशकाला दिलीय तिला, लेकरू झालंय." मी नको म्हणेपर्यंत तिनं लावलासुद्धा. "आगं, तुझ्या हापिसातल्या ताई आल्यात. त्या पायवाल्या." पलीकडून काही बोलणं आलं असेल, मला ऐकू आलं नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"आईला काय सांगितलंत?" सारिकानं विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही. पाय बरा आहे, एवढंच."

"नाना आहेत का तिथं?"

"नाहीत."

"बरं झालं. ते येतील तोवर थांबू नका. त्यांना तुमचा पाय मोडलेलाच बरा." एक मूल रडत होतं तिच्या मागं. "चहा घ्या आणि निघा." तिनं फोन ठेवला.

मी चहा घेतला. म्हातारी म्हणत होती, हे बाजारातून येतीलच आता, तुम्हाला बघून केवढा आनंद होईल त्यांना. मी म्हणाले, लग्नाचा मुहूर्त चुकेल. ती गाडीपर्यंत सोडायला निघाली. गाडी लिंबाच्या पलीकडं उभी होती आणि वाट ढेकळांची होती. ती मागून माझ्याकडं बघतेय हे मला जाणवत होतं.

मी लंगडायला लागले.

तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सारिकानंही नाही. डावा पाय थोडा ओढत, एका हातानं पदर सावरत मी चालत राहिले. आवाज काढायचे तसंच तेही मला चांगलं जमलं.

"अजून वडतोय व्हय पाय?" ती काळजीनं म्हणाली आणि पुढं होऊन तिनं माझा दंड धरला. मी तिच्यावर भार टाकला. तशा आम्ही दोघी गाडीपर्यंत गेलो. तिनं दार उघडलं, माझा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

वस्ती मागं पडल्यावर ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, "ताई, पाय मुरगळला का?"

मी हो म्हणाले.